एक टेराबाइट म्हणजे नेमक्या किती फ्लॉपी?

दप्तरदार (रविवार, सकाळी १०.१२)

मंडळी, गेल्या आठवड्यात माळा आवरताना एक प्लॅस्टिकचा डबा सापडला. त्यात साडेतीन इंची दहा फ्लॉपी होत्या आणि लेबलांवर माझ्याच अक्षरात ‘हिशेब ९६-९७’, ‘पत्रव्यवहार’, ‘स्मरणिका – अंतिम’ आणि ‘स्मरणिका – खरोखर अंतिम’ असे लिहिलेले होते. डब्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. योगायोगाने त्याच दिवशी चिरंजीवांनी एक टेराबाइटची डिस्क घरी आणली; ती माझ्या चष्म्याच्या घरापेक्षाही लहान आहे. ती हातात घेऊन मी कागद-पेन्सिल काढली.

एका फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावतात. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट धरले, तर ६,७८,१६९ फ्लॉपी लागतात. एका फ्लॉपीची जाडी ३.३ मिलिमीटर असल्याने त्यांची चळत २,२३८ मीटर उंच होते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. हा हिशेब बरोबर आहे का? आणि आजच्या साठवणुकीची खरी कल्पना देण्यासाठी कालबाह्य माध्यमांपैकी कोणते माप सर्वांत योग्य ठरेल? माझ्या मते फ्लॉपीच, कारण ती हातात धरता येते, तिची जाडी बोटांना आठवते आणि ती भरल्याचा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे.

घाटमाथा (रविवार, सकाळी १०.३१)

कळसूबाईवर चढायला लोखंडी शिड्या आहेतच. वरच्या ५९२ मीटरची सोय तेवढी आपण करावी, ही विनंती.

शून्याधिक (रविवार, सकाळी ११.०५)

दप्तरदार, आपला भागाकार बरोबर आहे, परंतु आपण टेराबाइट दशमान पद्धतीने, म्हणजे हजाराच्या पटीत, मोजला आहे आणि फ्लॉपी मात्र मिश्र पद्धतीने. ‘१.४४ एमबी’ हा आकडा मुळातच विचित्र आहे. डिस्कच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे), प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट, असा गुणाकार केला की १४,७४,५६० येतात. म्हणजे १,४४० किलोबाइट, जिथे किलो म्हणजे १,०२४. पुढे मेगा करताना मात्र कोणीतरी या १,४४० ला सरळ हजाराने भागले. संपूर्ण दशमान पद्धतीने ती १.४७ एमबीची ठरते, संपूर्ण द्विमान, म्हणजे १,०२४ च्या पटीच्या, पद्धतीने १.४१ एमबीची. १.४४ ती कोणत्याच पद्धतीने नाही.

टेराबाइटही द्विमान धरला, म्हणजे १,०२४ चा चौथा घात घेतला, तर ७,४५,६५५ फ्लॉपी लागतात आणि चळत २,४६१ मीटरवर जाते. नुसत्या व्याख्येमुळे ६७,४८६ फ्लॉपींचा, म्हणजे जवळजवळ २२३ मीटरचा फरक पडला. हा घोळ मिटवण्यासाठी १९९८ साली किबी, मेबी, गिबी अशी वेगळी उपपदे प्रमाणित करण्यात आली, पण ती बोलण्यात रुळली नाहीत. तंट्याचे मूळ तिथे आहे: डिस्क विकणारा हजाराने मोजतो, संगणक बऱ्याचदा १,०२४ ने मोजून दाखवतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडते.

गंमत म्हणून सांगतो, या दुसऱ्या हिशेबात शेवटच्या फ्लॉपीत भरायला बरोबर ६५,५३६ बाइट उरतात, म्हणजे नेमके ६४ केबी.

तळमजला (रविवार, दुपारी १२.४०)

माझे दुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे मला दोन्ही हिशेब अपुरे वाटतात. कोरी फ्लॉपी आणि वापरता येणारी फ्लॉपी या वेगळ्या गोष्टी आहेत. डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीत फॉरमॅट केल्यावर २,८८० सेक्टरांपैकी ३३ व्यवस्थेसाठी जातात: एक बूट सेक्टर, कोणती फाइल कुठे आहे याच्या तक्त्याच्या दोन प्रतींसाठी १८ आणि मुख्य यादीसाठी १४. उरलेल्या २,८४७ सेक्टरांत १४,५७,६६४ बाइट मावतात. त्या आकड्याने भागल्यास दप्तरदारांचा दशमान टेराबाइट ६,८६,०३० फ्लॉपींवर जातो. म्हणजे तक्ते आणि याद्या एवढ्यासाठीच ७,८६१ फ्लॉपी जास्त घ्याव्या लागतील.

त्या मुख्य यादीत २२४ पेक्षा अधिक नोंदी मावत नसत. एका गिऱ्हाइकाने शेकडो लहानलहान पत्रे एकेका फाइलमध्ये ठेवली होती; फ्लॉपी अर्धी रिकामी असूनही ती ‘भरली’ असे संगणक सांगत असे, आणि मी त्यांना फसवतो आहे असा त्यांचा समज शेवटपर्यंत गेला नाही.

निवांत_नदी (रविवार, दुपारी १.०२)

एका भागाकाराची तीन उत्तरे आली आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. शाळेत हे चालले असते तर माझे गणित सुटले असते.

तिरकी_रेघ (रविवार, सायंकाळी ५.२०)

फ्लॉपीला कालबाह्य म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. आमच्यासाठी ती नवलाई होती.

सत्तरच्या दशकात मुंबईत मी पंच कार्डांवर काम केले आहे. ८० रकान्यांचे कार्ड आयबीएमने १९२८ मध्ये आणले. त्यात १२ ओळी असतात आणि एका रकान्यात एक अक्षर भोके पाडून लिहिले जाते. म्हणजे एका कार्डावर ८० अक्षरे. परंतु फोरट्रान या संगणकभाषेत ८० पैकी पहिले पाच रकाने विधान-क्रमांकासाठी, सहावा आधीच्या ओळीचा विस्तार दाखवण्यासाठी आणि ७३ ते ८० हे कार्डाच्या अनुक्रमांकासाठी राखलेले असत. प्रत्यक्ष लिहायला ६६ उरत. शून्याधिक आणि तळमजला यांनी सांगितलेला ‘नाममात्र’ आणि ‘उपयुक्त’ हा भेद तेव्हापासूनचा आहे.

ते अनुक्रमांक कंटाळा करून कोणी पंच करत नसे. त्याऐवजी कार्डांचा गठ्ठा घट्ट धरून त्याच्या वरच्या कडेवर मार्करने एक तिरकी रेघ ओढायची, म्हणजे गठ्ठा जिन्यात सांडलाच तर रेघ जुळवत कार्डे पुन्हा लावता येत. माझे या संस्थळावरचे नाव तिथून आले आहे. सकाळी खिडकीत कार्डांचा डेक द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायचा. स्वल्पविराम चुकला असेल तर आणखी एक दिवस.

त्याही आधीचे सांगायचे, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि एक शब्द ४० बिटांचा. म्हणजे एकूण १०,२४० बाइट. दप्तरदार, आपल्या एका फ्लॉपीत अशा १४४ स्मृती मावतात, आणि हा भागाकार निःशेष जातो, मी दोनदा करून पाहिला.

शून्याधिक (रविवार, सायंकाळी ६.१५)

तिरकी_रेघ यांचा प्रतिसाद वाचून मीही कार्डांचा हिशेब केला. प्रत्येक कार्ड ८० बाइटचे धरले, तर एका फ्लॉपीत बरोबर १८,४३२ कार्डे मावतात. कार्डाची जाडी इंचाचे सात सहस्रांश, म्हणजे ०.१७८ मिलिमीटर. तेवढ्या कार्डांची चळत ३.२८ मीटर होते, आणि फ्लॉपीची जाडी आहे ३.३ मिलिमीटर. दोन माध्यमांत जवळजवळ नेमके हजारपट अंतर आहे. कोणी ठरवून केलेले नाही, पण लक्षात ठेवायला सोपे: फ्लॉपीचे मीटर म्हणजे कार्डांचे किलोमीटर.

म्हणून एका टेराबाइटसाठी १,२५० कोटी कार्डे लागतील आणि ती एकमेकांना चिकटवून आडवी रचत गेल्यास २,२२२ किलोमीटर लांबी भरेल. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा आहे, त्याच्या तिप्पट.

घाटमाथा (रविवार, सायंकाळी ६.२२)

रत्नागिरीच्या पावसात कार्डे भिजणार. तिरकी रेघ वाहून जाईल.

बिनचूक_बंडू (रविवार, रात्री ८.४७)

शून्याधिक यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. कार्डावर १२ गुणिले ८०, म्हणजे ९६० जागा असतात आणि प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. म्हणजे ९६० बिट, अर्थात १२० बाइट. एका रकान्यात एकच अक्षर, हे केवळ लिहिण्याच्या संकेताचे बंधन आहे. द्विमान माहिती थेट भोकांमध्ये उतरवण्याची पद्धतही वापरात होती. त्या हिशेबाने ८३३ कोटी कार्डे पुरतात आणि लांबी १,४८२ किलोमीटरवर येते. कोकण रेल्वेची एक खेप वाचली.

तिरकी_रेघ (रविवार, रात्री ९.३०)

बिनचूक_बंडू, कागदावर आपले म्हणणे मान्य आहे. परंतु ज्या कार्डावर भोकांची दाटी होते, ते जाळीदार झालेल्या झग्यासारखे लेचेपेचे होते आणि वाचनयंत्रात मोडून अडकते. मग सुरी किंवा पट्टी घालून तुकडे काढावे लागत आणि चालकाची बोलणी खावी लागत. वाचनयंत्राचा वेगही धरा. आयबीएमचे २५४० हे यंत्र मिनिटाला हजार कार्डे वाचत असे. १,२५० कोटी कार्डांना त्याला पावणेचोवीस वर्षे लागतील, तीही एकही कार्ड न अडकता.

लेस्टरवासी (सोमवार, मध्यरात्री १२.५५)

माझे शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले आणि घरी झेडएक्स स्पेक्ट्रम हा कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवणारा घरगुती संगणक होता, त्यामुळे माझे माप ध्वनिफितीचे आहे. ४८ केबी स्मृती भरायला साधारण पाच मिनिटे लागत. कॅसेट वाजताना येणारा तो कर्कश आवाज ऐकून, खेळ नीट चढतो आहे की नाही, हे आईसुद्धा स्वयंपाकघरातून सांगत असे.

सेकंदाला सरासरी १,५०० बिट असा वेग धरला, तर ९० मिनिटांच्या कॅसेटवर १०,१२,५०० बाइट मावतात. एक टेराबाइटला त्याने भागून पाहा: उत्तर ९,८७,६५४.३२ असे येते. एवढा सुरेख उतरता आकडा पाहून मी कॅल्क्युलेटर बिघडला असे समजलो होतो. या सर्व कॅसेटी ओळीने ऐकायच्या झाल्यास १६९ वर्षे लागतील.

निवांत_नदी (सोमवार, सकाळी ७.४०)

आमच्या मालवणच्या घरी कॅसेटींना दोन पावसाळ्यांत बुरशी यायची. १६९ पावसाळ्यांसाठी सिलिका जेल किती लागेल, हेही कृपया कोणीतरी काढावे.

कोरी_पाटी (सोमवार, सकाळी ९.१५)

मी सीडीच्या पिढीतली आहे. ८० मिनिटांच्या सीडीवर ७३.७ कोटी बाइट मावतात, जाडी १.२ मिलिमीटर. १,३५७ सीडी, उंची १.६३ मीटर. माझ्यापेक्षा किंचित जास्त. त्यात कसलाच थरार नाही हे मान्य आहे, पण ही चळत मी डोळ्यांसमोर आणू शकते, कळसूबाईची नाही.

आडवाट (सोमवार, सकाळी ११.३०)

कोरी_पाटी यांनी अजाणता मर्मावर बोट ठेवले आहे. हे सर्व शिखरांचे आणि रेल्वेमार्गांचे आकडे ऐकायला भव्य आहेत, परंतु त्यांतून जुन्या माध्यमासोबत काम करणे म्हणजे काय होते, याची कल्पना येत नाही. फ्लॉपीची चळत रचून तिच्याकडे कोणी पाहत बसत नसे. ती घालायची, वाट पाहायची, काढायची, दुसरी घालायची. म्हणून रूपांतर करायचेच असेल, तर ते वेळेत करावे असे माझे मत आहे.

फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते. एका फेऱ्यात एक ट्रॅक वाचला, तरी १६० ट्रॅकना किमान ३२ सेकंद लागतात. शिवाय वाचणारे शीर्ष सरकण्याचा आणि माणसाने अदलाबदल करण्याचा वेळ. मिनिटाला एक फ्लॉपी हा वेग मी उदारपणे धरतो. दिवसात मिनिटे १,४४० आणि फ्लॉपीत किलोबाइटही १,४४०, त्यामुळे हिशेब तोंडी होतो: अहोरात्र बसल्यास ४७१ दिवस. कार्यालयीन आठ तास धरल्यास १,४१३ दिवस, म्हणजे रविवारची सुट्टीही न घेता जवळजवळ चार वर्षे.

आणि यात फ्लॉपी खराब निघण्याचा विचारच नाही. मोठी फाइल एआरजे हा फाइली आकसणारा प्रोग्रॅम वापरून फ्लॉपीत मावतील अशा तुकड्यांत कापून मित्राकडून आणायची, हा नव्वदच्या दशकातला आमचा शनिवारचा कार्यक्रम होता. आठ फ्लॉपी घेऊन सायकलवरून सात किलोमीटर यायचे, सहा सुरळीत चढायच्या आणि सातवीवर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ असा प्रश्न पडद्यावर यायचा. आठवी चांगली असून उपयोग नसे. पुन्हा सायकल. शंभरात एक फ्लॉपी बिघडते असे नुसते गृहीत धरले, तरी दप्तरदारांच्या चळतीत सहा हजारांहून अधिक बिघडलेल्या निघतील, आणि तुकडे केलेल्या संचात त्यांतली एकही खपत नाही.

तळमजला (सोमवार, दुपारी १२.०८)

सातवीच. नेहमी सातवीच.

दूरदर्शी (सोमवार, दुपारी ३.५०)

आडवाट यांची सायकल अजून थांबलेली नाही. कृष्णविवराची जी पहिली प्रतिमा एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यासाठी २०१७ च्या एप्रिलमध्ये आठ दुर्बिणींनी नोंदवलेली माहिती सुमारे पाच पेटाबाइट (पाच हजार टेराबाइट) होती आणि ती इंटरनेटवरून पाठवणे व्यवहार्य नसल्याने अर्धा टन वजनाच्या डिस्क विमानाने नेण्यात आल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावे लागले. फ्लॉपीत सांगायचे तर ३३९ कोटी, चळत ११,१९० किलोमीटर. पण आडवाट यांच्या म्हणण्याप्रमाणे खरे माप म्हणजे ‘ध्रुवावरचा एक हिवाळा’.

आणि फ्लॉपीला सरसकट मृत ठरवण्याची घाईही नको. शासकीय कामात फ्लॉपी वा तत्सम माध्यम सक्तीचे करणारे १,०३४ नियम जपानने २०२४ च्या जूनपर्यंत रद्द केले. वाहनांच्या पुनर्वापरासंबंधीचा एक तेवढा तेव्हाही उरलाच होता.

वेलांटी (सोमवार, सायंकाळी ७.२५)

एवढ्या हिशेबांत एक गोष्ट सुटली आहे: फ्लॉपीत भरायचे काय आणि कोणत्या लिपीत? जुने सर्व हिशेब एका अक्षराला एक बाइट असे धरतात, ते रोमनपुरते ठीक आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. काने आणि पायमोडीची दोन चिन्हे मोजल्यास त्यात दहा संकेत, म्हणजे संगणक वेगवेगळी साठवतो अशी दहा चिन्हे, आहेत. आज आपण जो युनिकोड वापरतो, त्याच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणजे या एका शब्दाला ३०. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतप्रणालीत एका चिन्हाला एकच बाइट लागत असे, म्हणजे १०.

तीच फ्लॉपी इस्कीत ‘महाराष्ट्र’ १,४७,४५६ वेळा लिहून घेईल आणि यूटीएफ-८ मध्ये ४९,१५२ वेळा. म्हणून मराठी मजकुराचे जुन्या माध्यमांत रूपांतर करताना, केवळ संकेतप्रणाली बदलल्याने फ्लॉपींची संख्या तिप्पट होते, हे आकड्यासोबत सांगितलेच पाहिजे. त्या काळी बहुतेकांनी तर इस्कीही वापरली नाही. प्रत्येक अक्षरसंच-विक्रेत्याची आपापली जुळणी असे आणि अर्ध्या अक्षरांना वेगळे संकेत असत. दप्तरदारांच्या ‘खरोखर अंतिम’ स्मरणिकेत माझ्या अंदाजाने हेच असणार.

शून्याधिक (सोमवार, सायंकाळी ७.५८)

वेलांटी, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, मान्य करतो. या मापाने आतापर्यंतचा हा धागा सुमारे तीस हजार बाइटचा भरतो. म्हणजे ३७५ कार्डे, पावणेसात सेंटिमीटरचा गठ्ठा. तिरकी_रेघ यांनी रेघ ओढून द्यावी.

तिरकी_रेघ (सोमवार, रात्री ८.१०)

देतो. पण ‘सातवीच’ या प्रतिसादाला वेगळे कार्ड देऊ नये, शिल्लक जागेत बसवावे.

दप्तरदार (बुधवार, रात्री १०.०५)

सर्वांचे आभार. आडवाट यांचे म्हणणे पटले असले, तरी मी मापाच्या बाबतीत अजून फ्लॉपीच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण आजच मिळाले.

काल यूएसबीने जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह मित्राकडून आणला. दहापैकी सात फ्लॉपी वाचल्या गेल्या. दोन वाचताना ड्राइव्ह घरघरत राहिला आणि एकीवर काळ्या पट्टीला पांढरी बुरशी होती, म्हणून ती घातलीच नाही. सातांतले सर्व मिळून ३९ लाख बाइट भरले. हिशेब व्यवस्थित उघडले. पत्रव्यवहार आणि स्मरणिका यांत वेलांटी यांनी म्हटल्याप्रमाणे नुसती रोमन अक्षरे, डॉलर आणि चौकोन आहेत. तो अक्षरसंच कोणता होता, हे मला आठवत नाही. ‘अंतिम’ आणि ‘खरोखर अंतिम’ या दोन्ही फाइली बाइटनुबाइट सारख्या निघाल्या.

या धाग्याच्या सुरुवातीला जोडलेले डब्याचे छायाचित्र किती मोठे आहे, तेही मग पाहिले. ४८ लाख बाइट. तळमजला यांच्या आकड्याने त्याला चार फ्लॉपी लागतील, आणि सातही फ्लॉपींवरचा सगळा मजकूर त्या छायाचित्रात मावून नऊ लाख बाइट उरतील.

वेलांटी (बुधवार, रात्री १०.४०)

दप्तरदार, स्मरणिकेच्या पहिल्या दोन ओळी, त्या डॉलर-चौकोनांसह, जशाच्या तशा इथे चिकटवा. कोणता अक्षरसंच आहे, ते आपण काढू.